विणकरपुत्र अँड्र्यू कार्नेगी यांची पहिली नोकरी

आपल्या मंडळाच्या स्मरणिकेसाठी एखाद्या थोर पुरुषाचे चरित्र लिहून द्यावे, अशी चिटणीसांची आज्ञा झाली, तेव्हा माझ्या मनात प्रथम संतांची व समाजसुधारकांची नावे आली. परंतु ती चरित्रे आपल्या घराघरांतून लहानथोरांस मुखोद्गत आहेत. शिवाय अलीकडे आपल्या ज्ञातीतील पुष्कळ मुले नोकरीनिमित्त परदेशी जाऊ लागली आहेत, आणि तेथे पहिले पाऊल टेकण्यापुरती जागा मिळेपर्यंत त्यांची व त्यांच्या मागे राहिलेल्या आईबापांची जी घालमेल होते, ती मी जवळून पाहत आलो आहे. म्हणून या खेपेस एका परक्या मनुष्याचे चरित्र निवडले आहे. परका म्हणतो खरा. पण त्याचा बाप हातमागावर बसणारा होता आणि तो माग बंद पडला म्हणूनच त्या कुटुंबास देश सोडावा लागला, एवढे सांगितले म्हणजे आपणांस तो फारसा परका वाटणार नाही.

अँड्र्यू कार्नेगी यांचा जन्म स्कॉटलंडमधील डनफर्मलिन या गावी २५ नोव्हेंबर १८३५ रोजी झाला. हे गाव दमास्क नावाच्या नक्षीदार लिनन कापडासाठी त्या काळी नावाजलेले होते. वडील विल्यम हे त्याच कापडाचे कसबी विणकर. खाली माग आणि वर संसार, असे त्यांचे घर होते. आई मार्गारेट ही एका चर्मकाराची मुलगी. मामांच्या आणि वडिलांच्या बैठकीत राजकारणाची चर्चा चाले, आणि जॉर्ज लॉडर नावाचे एक काका आपल्या दुकानात बसवून या मुलास स्कॉटलंडच्या शूरांच्या कथा सांगत व कविता पाठ करवून घेत. मुलगा आठव्या वर्षी शाळेत जाऊ लागला आणि तेराव्या वर्षाच्या आतच त्याची शाळा संपली. परंतु पाठांतराची सवय आणि वळणदार अक्षर या दोन गोष्टी त्याने गाठीस बांधल्या होत्या. पुढे त्याच उपयोगी पडल्या.

याच सुमारास डनफर्मलिनमध्ये वाफेवर चालणारे माग आले. हातमागाचे काम आधी कमी झाले, मग मजुरी उतरली, आणि एके दिवशी विल्यम घरी येऊन मुलास म्हणाले की, आता आपणांस काम मिळत नाही. हा प्रसंग कार्नेगींनी म्हातारपणी लिहिलेल्या आत्मचरित्रात आहे. तो वाचताना मला आमचे घर आठवले. मी तिसरीत असताना आमच्या घरचे दोन हातमाग मोडीत गेले. वडील त्या दिवशी जेवले नाहीत, आणि आम्हा मुलांना कांड्या भरण्याच्या कामातून सुटका झाली म्हणून आनंद झाला होता. मुलांना अशा वेळी काय कळते? अँड्र्यूला मात्र कळले असावे. त्याच्या आईने घरात लहानसे दुकान मांडले होते व रात्री ती जोड्यांची शिलाई करी. तिच्या कष्टांवर घर चालले.

आईच्या दोन बहिणी अमेरिकेत पिट्सबर्ग शहराजवळ अलेघेनी येथे आधीच जाऊन राहिल्या होत्या. इकडे निभाव लागत नाही असे दिसल्यावर १८४८ साली कार्नेगी कुटुंबाने माग व घरातील सामान लिलावात काढले. माग विकून काय येणार? ज्या वस्तूची कोणासच गरज उरली नाही, तिचे मोल कोण देणार? प्रवासखर्चास वीस पौंड कमी पडले, ते आईच्या एका मैत्रिणीने उसने दिले. वडील, आई, बारा वर्षांचा अँड्र्यू आणि पाच वर्षांचा टॉम असे चौघे ग्लासगोहून शिडाच्या जहाजाने निघाले. सुमारे सात आठवडे समुद्रावर, पुढे न्यूयॉर्कहून कालवे, सरोवर आणि नदी या मार्गाने आणखी तीन आठवडे, असा प्रवास करून ते अलेघेनीस पोहोचले. तेथे नातलगांच्या ओळखीने एका विणकराच्या कार्यशाळेवरील माडीच्या दोन खोल्या राहावयास मिळाल्या.

आता कामधंद्याचे पाहा. वडिलांनी तेथेही माग मांडला. टेबलावर घालावयाची वस्त्रे ते विणीत आणि स्वतःच दारोदार हिंडून विकीत, कारण घाऊक घेणारा कोणी मिळेना. मिळकत अगदी तुटपुंजी. आईने जोड्यांची शिलाई पुन्हा सुरू केली. घरकाम सांभाळून ती आठवड्यास चार डॉलर मिळवी. अखेर विल्यम यांनी माग सोडला आणि ब्लॅकस्टॉक नावाच्या एका स्कॉटिश गृहस्थांच्या कापडगिरणीत ते मजूर म्हणून लागले. स्वतंत्र कारागिराला गिरणीच्या भोंग्यावर उठावे लागणे म्हणजे काय, हे आपल्या वडीलधाऱ्यांस सांगावयास नको. त्याच गिरणीत अँड्र्यूही कांड्या बदलणारा पोऱ्या म्हणून लागला. पगार आठवड्यास एक डॉलर वीस सेंट. हिवाळ्यात पहाटे अंधारात उठून जावयाचे, दुपारी चाळीस मिनिटांची सुटी, आणि अंधार पडल्यावर परत यावयाचे. पुढे कोट्यवधी डॉलर त्यांच्या हातून गेले, पण त्या पहिल्या आठवड्याच्या कमाईइतका आनंद कशानेही झाला नाही, असे त्यांनी नमूद केले आहे.

पुढची नोकरी हे नावाच्या दुसऱ्या स्कॉटिश गृहस्थांकडे, लाकडी बॉबिने बनविण्याच्या कारखान्यात. पगार दोन डॉलर, पण काम तळघरात, बॉयलरपाशी. वाफेचा दाब कमी झाला तर वरचे मजूर ओरडत आणि जास्त झाला तर बॉयलर फुटण्याचे भय. हा मुलगा रात्री बिछान्यात उठून बसे आणि झोपेत वाफेचा काटा तपाशी. मात्र घरी त्याने याविषयी चकार शब्द काढला नाही. घरात प्रत्येकाने आपापले ओझे मुकाट्याने वाहावे, अशी त्यांची रीत होती.

येथून कचेरीचे दार किंचित किलकिले झाले, ते असे. हे यांच्याजवळ कारकून नव्हता आणि त्यांचे स्वतःचे अक्षर चांगले नव्हते. एके दिवशी गिऱ्हाइकांची बिले करावयाची होती. तुझे अक्षर कसे आहे, असे त्यांनी या पोरास विचारून थोडे लिहावयास दिले. अक्षर पाहून ते खूश झाले. हिशेबही बिनचूक निघाला. तेव्हापासून बिले करण्याचे काम त्याच्याकडे आले. मी अडतीस वर्षे मुलांची शुद्धलेखने तपासली, त्यामुळे हा मजकूर वाचून मला किती समाधान वाटले असेल याची कल्पना वाचकांनीच करावी. पण बिले काही रोज नसत. उरलेल्या वेळात नवीन बॉबिने तेलाच्या हौदात बुडवून काढण्याचे काम त्याच्याकडे होते, आणि त्या वासाने त्यास मळमळून येई.

त्याने काय केले? हे यांची हिशेबाची वही एकेरी नोंदीची आहे आणि मोठ्या पेढ्यांत दुहेरी नोंदीची पद्धत चालते, असे त्याच्या कानी आले. तीन मित्र जमवून, त्या हिवाळ्यात रात्रीच्या वेळी पिट्सबर्गला जाऊन तो ही पद्धत शिकला. दिवसभर तेलात हात आणि रात्री जमाखर्च! आमच्यातील काही पालक मुलगा पदवीधर झाला की शिक्षण संपले असे मानतात, म्हणून हे मुद्दाम लिहिले.

आता मुख्य प्रसंगाकडे येतो. होगन नावाचे त्याचे मावसे पिट्सबर्गच्या तारकचेरीचे व्यवस्थापक डेव्हिड ब्रुक्स यांच्याबरोबर सोंगट्यांचा खेळ खेळत असत. एका संध्याकाळी ब्रुक्स यांनी सहज विचारले की, तारा पोहोचविण्यास एखादा चांगला मुलगा माहीत आहे काय? होगन यांनी अँड्र्यूचे नाव सांगितले. आठवड्यास अडीच डॉलर पगार. आई ताबडतोब तयार झाली, पण वडिलांचे मन घेईना. मुलगा लहानखुरा आहे, अडीच डॉलर देतात त्या अर्थी त्यांना मोठा मुलगा हवा असणार, रात्री-अपरात्री दूरवर पाठवतील, अशा त्यांच्या शंका. त्यांनी हे यांचाही सल्ला घेतला. हे सज्जन होते. मुलगा गेल्याने माझी अडचण होईल, पण त्याचे कल्याण होईल. आणि तेथे जमले नाही तर त्याची जागा येथे मोकळी ठेवीन, असे त्यांनी सांगितले. नोकरास नवीन नोकरी धरताना असा मालक लाभणे हे भाग्यच.

ठरल्या दिवशी बापलेक अलेघेनीहून नदी ओलांडून पिट्सबर्गपर्यंत पायी गेले. मुलाच्या अंगात रविवारी चर्चमध्ये जाताना घालावयाचा पांढरा सदरा होता; तो एकच होता. तारकचेरी दुसऱ्या मजल्यावर होती. दारापाशी आल्यावर मुलाने वडिलांस रस्त्यावरच थांबावयास सांगितले आणि तो एकटा जिना चढून गेला.

कार्नेगींनी स्वतः याचे कारण प्रांजळपणे सांगितले आहे. आपण आता थोडेफार अमेरिकन दिसू लागलो आहोत, वडील शेजारी असले तर त्यांच्या स्कॉटिश बोलण्याकडे लक्ष जाईल, आणि एकटे गेलो तर आपली छाप बरी पडेल, असे त्यास वाटले. हे वाचून कोणी त्यास कृतघ्न म्हणेल. मी म्हणणार नाही. शाळेच्या प्रवेशाच्या दिवशी बापाला फाटकाबाहेर उभे करून आत आलेली मुले मी पाहिली आहेत, आणि फाटकाबाहेर निमूट उभे राहणारे बापही पाहिले आहेत. मुलाला लाज वाटते ती बापाची नसते, स्वतःच्या नवखेपणाची असते. बापाला बहुधा हे कळते. विल्यम कार्नेगी रस्त्यावर उभे राहिले.

वर ब्रुक्स यांनी प्रश्न विचारले. मुलाने आपली उणी बाजू लपविली नाही. पिट्सबर्गचे रस्ते मला माहीत नाहीत, कदाचित मी पुरेसा धट्टाकट्टा नसेन, पण एक संधी द्यावी, एवढेच त्याने सांगितले. कधीपासून येशील असे विचारताच, हवे असल्यास आत्तापासूनच थांबतो, असे तो म्हणाला. परदेशी जाणाऱ्या आपल्या मुलांनी हे उत्तर ध्यानात ठेवण्याजोगे आहे. कारण उद्या येतो म्हणून गेला असता तर रात्रीतून दुसऱ्या कोणाची वर्णी लागली नसती असे कोणी सांगावे? तेथील दुसऱ्या मुलाने त्यास काम दाखविण्यास सुरुवात केली. मध्येच सवड काढून तो धावत खाली आला आणि कोपऱ्यावर उभ्या असलेल्या वडिलांस त्याने सांगितले की, सर्व ठीक झाले, आईला जाऊन सांगा. बाप तसाच दोन मैल चालत घरी गेला.

नोकरी मिळाली, आता टिकवावयाची कशी? नवख्या माणसाची खरी भीती तेथेच असते. कचेरीतील इतर मुलांस शहर ठाऊक होते, त्याला नव्हते. म्हणून व्यापारी पेठेतील एकेका रस्त्याच्या एका बाजूच्या सर्व पेढ्यांची नावे वरून खाली आणि दुसऱ्या बाजूची खालून वर, अशी तो रात्री डोळे मिटून म्हणू लागला. थोड्याच दिवसांत सर्व पेठ तोंडपाठ झाली. मग त्याने माणसांचे चेहरे ओळखावयास आरंभ केला; तार घेऊन जाताना तो गृहस्थ रस्त्यातच भेटला तर खेप वाचे, आणि आपले नाव एका पोऱ्यास ठाऊक आहे याचे त्या गृहस्थासही कौतुक वाटे. नेमलेल्या हद्दीबाहेर तार नेल्यास दहा सेंट अधिक मिळत, आणि त्या तारांवरून मुलांत भांडणे होत. हे सर्व पैसे एकत्र जमवून आठवड्याच्या शेवटी सारखे वाटावेत, अशी तोड अँड्र्यूने काढली व खजिनदारीही त्याच्याकडेच आली.

पगार महिन्यास सव्वाअकरा डॉलर होई. एका महिन्याच्या अखेरीस मुले रांगेत उभी असता कर्नल ग्लास यांनी त्यास वगळून पुढच्या मुलास पगार दिला. आपले काहीतरी चुकले, आता नोकरी गेली आणि घराची अब्रू गेली, असे त्याच्या मनात आले. सर्व मुले गेल्यावर ग्लास यांनी त्यास आत बोलावून साडेतेरा डॉलर हातावर ठेवले. तू इतरांपेक्षा अधिक कामाचा आहेस, हे त्याचे कारण. तो पुलावरून धावत घरी गेला. आईच्या हाती नेहमीचे सव्वाअकरा डॉलर दिले आणि वरचे सव्वादोन खिशातच ठेवले. रात्री माळ्यावर झोपताना ते गुपित त्याने धाकट्या टॉमला सांगितले, आणि रविवारी सकाळी न्याहारीच्या वेळी ते पैसे टेबलावर मांडले. वडिलांच्या डोळ्यांत अभिमान चमकला आणि आईचे डोळे पाणावले.

याच घरात आईच्या एका पायमोज्यात अर्ध्या अर्ध्या डॉलरची नाणी साठत होती. अशी दोनशे नाणी भरताच त्यांची हुंडी करून ते वीस पौंड डनफर्मलिनच्या मैत्रिणीस परत पाठविण्यात आले. त्या दिवशी घरात सण साजरा झाला.

सकाळी कचेरी झाडावयास जावे लागे, त्या वेळी तारायंत्र मोकळे असे. त्याने कडकट्ट शिकून घेतले. त्या काळी यंत्र कागदाच्या पट्टीवर खुणा उमटवी आणि तारवाला ती पट्टी वाचून मजकूर सांगे. हा मुलगा मात्र नुसत्या आवाजावरून मजकूर उतरून घेऊ लागला. असे करणारे तेव्हा फार थोडे होते. सतराव्या वर्षाच्या आतबाहेर तो महिना पंचवीस डॉलरवर तारवाला झाला.

या काळातील एक प्रसंग सांगितल्यावाचून पुढे जाववत नाही. ओहायो नदीस पूर येऊन तारा तुटल्या, त्या वेळी त्यास स्ट्यूबेनव्हिल येथे कामावर पाठविले होते. वडील आपली विणलेली वस्त्रे विकावयास त्याच नदीतून आगबोटीने जाणार असल्याचे त्यास कळले. बोट रात्री उशिरा आली. तो भेटावयास गेला तो वडील उघड्या डेकवर दिसले. खोलीचे भाडे परवडत नाही म्हणून रात्रभर तसेच जावयाचे त्यांनी ठरविले होते. मुलाच्या पोटात कालवले. लवकरच तुम्ही आणि आई स्वतःच्या गाडीतून फिराल, असे तो म्हणाला. विल्यम फार अबोल. मुलाचे तोंडावर कौतुक करणे त्यांच्या स्वभावात नव्हते. त्यांनी त्याचा हात हातात घेतला आणि कापऱ्या आवाजात सांगितले की, अँड्र्यू, मला तुझा अभिमान वाटतो. २ ऑक्टोबर १८५५ रोजी विल्यम वारले. गाडी पुढे आली, पण तीत बसावयास आईच उरली.

१८५३ च्या फेब्रुवारीत पेनसिल्व्हेनिया रेलरोडचे अधिकारी थॉमस स्कॉट यांनी त्यास आपला कारकून व तारवाला म्हणून पस्तीस डॉलरवर घेतले. तारकचेरीत येता-जाता त्यांनी या मुलाचे काम पाहिले होते. अर्ज नाही की वशिला नाही. एव्हाना देशबांधवांच्या ओळखीची गरज सरली होती. एक गोष्ट मात्र खरी की, गिरणी, कारखाना आणि तारकचेरी या पहिल्या तिन्ही पायऱ्या त्यास आपल्याच लोकांच्या ओळखीने मिळाल्या, आणि ज्ञातिसंस्थांची टिंगल करणाऱ्यांनी हेही लक्षात घ्यावे.

रेल्वेच्या नोकरीत आरंभीच त्याच्या हातून एक भयंकर चूक झाली. अल्टूना येथून पगाराची कागदपत्रे व धनादेश यांचे पुडके घेऊन तो परत येत होता. इंजिनावर उभा राहून प्रवास करताना अंगरख्यात खोचलेले पुडके धक्क्याने केव्हा पडले ते कळलेच नाही. त्याने ड्रायव्हरची विनवणी केली. त्या भल्या माणसाने इंजिन मागे घेतले, आणि एका ओढ्याच्या काठी, पाण्यापासून काही फुटांवर ते पुडके सापडले. ड्रायव्हरने ही गोष्ट कोणासही सांगितली नाही. एखाद्या तरुणाची एकच चूक झाली तर त्याच्याशी फार कठोर वागू नये, असे कार्नेगी पुढे म्हणत.

१८५३ सालचीच आणखी एक हकीकत. कर्नल अँडरसन नावाच्या गृहस्थांनी आपली सुमारे चारशे पुस्तके कामकरी मुलांसाठी दर शनिवारी खुली केली होती. या ग्रंथालयाचा व्याप वाढल्यावर, हातांनी धंदा करणाऱ्या मुलांनाच पुस्तके फुकट मिळतील, कचेरीतील पोऱ्यांनी वर्षाला दोन डॉलर द्यावेत, असा नियम झाला. अँड्र्यूने वर्तमानपत्रात पत्र लिहून तक्रार केली. ग्रंथपालाने उत्तर दिले, त्यावर याने पुन्हा लिहिले. अखेर नियम बदलला. कचेरीत बसणारा गरीब मुलगाही कामकरीच आहे, हे त्याने मान्य करवून घेतले.

पुढील इतिहास सर्वश्रुत आहे म्हणून थोडक्यात लिहितो. १८५९ मध्ये, चोविसाव्या वर्षी, ते रेल्वेच्या पिट्सबर्ग विभागाचे अधीक्षक झाले. १८६५ मध्ये त्यांनी नोकरी सोडली. लोखंडी पूल आणि नंतर पोलाद यांत त्यांनी अपार संपत्ती मिळविली. १९०१ साली आपले पोलादाचे कारखाने अठ्ठेचाळीस कोटी डॉलरना विकून निवृत्त झाले. आणि त्या धनातून त्यांनी अडीच हजारांवर ग्रंथालये उभारली. त्यांतले पहिले डनफर्मलिन येथे १८८३ मध्ये उघडले; त्याची कोनशिला आईच्या हस्ते बसविली होती.

तथापि १८९२ सालचे होमस्टेड वगळून हे चरित्र लिहिणे अप्रामाणिकपणाचे होईल. तेथील त्यांच्या कारखान्यात मजुरीची कपात आणि कामगारसंघ मोडण्याचा हट्ट यांवरून टाळेबंदी झाली. जुलै महिन्यात कंपनीचे भाडोत्री पहारेकरी व कामगार यांच्यात गोळीबार होऊन दोन्हीकडची माणसे मेली. कार्नेगी त्या वेळी स्कॉटलंडमध्ये होते आणि कारभार फ्रिक यांच्याकडे होता. पण आपल्या व्यवस्थापकास त्यांनी आधीच पाठिंबा दिलेला होता. ज्याचा बाप यंत्रामुळे व उतरत्या मजुरीमुळे देशोधडीस लागला, त्याच्याच कारखान्यात हे घडावे, याचा मेळ मला आजवर घालता आलेला नाही. ग्रंथालये त्या खात्यात जमा धरावीत असे काहीजण म्हणतात. दुहेरी नोंदीच्या वहीत ते बसेलही. पण मेलेल्यांच्या घरचे लोक तशी वही ठेवीत नाहीत. या घटनेचे शल्य त्यांस अखेरपर्यंत होते, हे त्यांच्या लिखाणावरून दिसते.

आई १८८६ मध्ये वारली आणि पुढच्या वर्षी, एक्कावन्नाव्या वर्षी, त्यांनी लुईझ व्हिटफील्ड यांच्याशी विवाह केला. ११ ऑगस्ट १९१९ रोजी अमेरिकेतील लेनॉक्स येथे त्यांचे देहावसान झाले. डनफर्मलिनचे ते जन्मघर लुईझबाईंनी १८९५ साली विकत घेऊन पतीस साठाव्या वाढदिवसाची भेट म्हणून दिले होते. ते अद्याप जतन केलेले आहे, आणि विणकराचे बिऱ्हाड कसे असे ते पाहावयास लोक तेथे जातात.